पाळण्याचा डावा दांडा

तात्या, पाळण्याच्या डाव्या दांड्यात स्क्रू होता. तो मी मारला. तुम्ही बीपी तपासायला पोलादपूरला गेला होतात, त्या दुपारी.

एवढंच मला तुमच्यासमोर बोलायचं होतं. दहा दिवस मी शेडमध्ये तुमच्यापासून हातभर अंतरावर बसत होते. रोज हे बोलायचं ठरवून यायचे आणि न बोलता घरी जायचे. मग गुरुवारी पाळणा महाडला गेला, आणि शुक्रवारी जेवून आडवे झालेले तुम्ही उठलाच नाहीत. तुमच्यावर काहीतरी लिही, असं कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी तुमचा जन्म, घराणं, शिक्षण असं लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या आणि कळलं, यातलं एकही मला सांगायचं नाही. मला स्क्रूचं सांगायचंय.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी. विषय होता घरातल्या जुन्या वस्तू. कापडे गावात जन्म गेला तरी तुमची शेड मी फक्त रस्त्यावरून पाहिलेली. वहीत बारा प्रश्न लिहून आणले होते. पहिला होता, ‘आपण हा व्यवसाय का निवडलात?’ तुम्ही रंधा थांबवलात. "निवडला? मला कोणी इचारलं गो?" मग तेलाचा बोळा माझ्या हातात दिलात आणि भाकरीचं पीठ मळायची एक जुनी काठवट पुढे सरकवलीत. उरलेले अकरा प्रश्न अजून त्या वहीत तसेच आहेत.

प्रकल्प संपला, तरी दोन वर्षं मी दर शनिवारी येत राहिले. आई म्हणायची, "कालेजात घातली ती सुतारकी शिकायला काय?" आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तिथे नक्की काय शिकतात हे आईला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. वर्गात बोलायला मी घाबरते. तुमच्याकडे बोलावं लागायचं नाही. किल्ली हरवलेली कुलपं, शेवयांचा सोऱ्या, जात्याचा हललेला खुंटा, लोक ‘आता याचं काय करायचं’ म्हणत आणून टाकायचे ते सगळं तुम्ही आधी नुसतं हातात धरून बसायचात. महाबळेश्वरला चाललेल्या एका गाडीतल्या बाईंना ती काठवट भिंतीवर लावायला हवी होती. तुम्ही विचारलंत, "भाकरी करता काय?" त्या हसल्या. तुम्ही काठवट दिली नाहीत. त्या गेल्यावर मला म्हणालात, "जुनी हाय म्हणून नाय ठेवायची गो. चालती हाय म्हणून ठेवायची."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

पाळणा तुम्ही पुराच्या साली महाडच्या रस्त्यावरून उचलला होतात. घराघरांतून गाळाने भरलेलं सामान बाहेर काढून ठेवलेलं, त्या ढिगातून. कुणाचा ते माहीत नव्हतं. तो माळ्यावर पडून होता. यंदा महाडच्या शैलाकाकी खुर्चीचा पाय घेऊन आल्या, त्यांनी सहज मान वर केली आणि तिथेच खाली बसल्या. पाळणा उतरवला तर त्यांनी थेट डाव्या दांड्यावर बोट ठेवलं. त्यावर बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या. हे माझे, म्हणाल्या, आणि हे माझ्या भावाचे. उभं राहायला लागलं की आमच्या घरातलं प्रत्येक पोर हाच दांडा चावायचं.

"मग रस्त्यावर टाकलात तेव्हा नाय वळखलात?" तुम्ही विचारलंत.

"छातीपर्यंत पाणी येऊन गेलं होतं घरात, तात्या. तेव्हा मी नवरासुद्धा ओळखला नसता."

तुम्ही इतके हसलात की खोकला आला. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला नातवंड याच पाळण्यात घालायचं, असं तिथेच ठरलं. तेव्हापासून मी शनिवारची वाट न बघता रोज यायला लागले.

आपलं पहिलं भांडण त्या दातांवरून झालं. मी पॉलिश पेपर घेऊन त्या खुणा घासायला लागले होते. तुम्ही कागद माझ्या हातातून ओढून घेतलात. मी म्हटलं, चिरांमध्ये घाण बसते, ती बाळाच्या तोंडात जाईल. तुम्ही म्हणालात, धू, तेल पाज, पण घासू नको. मी म्हटलं, मग दुरुस्ती कसली? तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तात्या, अजूनही मला वाटतं माझं थोडं बरोबर होतं. घाण बसते. हा वाद आता मिटायचा नाही.

पण तो पाळणा करणारा माणूस कसा होता, ते तुम्ही मला शिकवलंत. तळाला पटाशीच्या तीन खाचा मारल्यात, तेवढीच त्याची ओळख. शिवणीचं लाकूड, म्हणजे हलकं. मेखा, म्हणजे लाकडी खिळे, खैराच्या, म्हणून टणक. प्रत्येक मेख बाहेरून ठोकलेली, आत बाळाच्या बाजूला एकही टोक नाही. पूर्ण पाळण्यात लोखंड फक्त साखळ्यांच्या कड्यांना. तुम्ही त्या तीन खाचांवरून बोट फिरवत म्हणालात, "माझ्याहून हुशार होता." तुम्ही कुणाला असं म्हणताना मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

आता ती दुपार.

डावा दांडा आपण धुऊन, तेल पाजून ठेवला होता. त्याची जीभ, म्हणजे टोकाला कोरलेला निमुळता भाग, कोपऱ्याच्या खांबाच्या खाचेत बसवायची आणि दोन्हींच्या भोकांतून मेख ठोकायची, एवढंच राहिलं होतं. जाताना तुम्ही सांगून गेलात, मेख मी आल्यावर ठोकू. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत करून दाखवावं. मी जीभ खाचेत घातली आणि भोकातून पाहिलं तर दोन भोकं एका रेषेत नव्हती. जिभेचं भोक केसभर आत सरकलेलं. मला वाटलं, त्या हुशार माणसाची ही चूक. आणि ती मला सापडली.

कोपऱ्यात तुमच्या मुलाने, विलासदादाने, मुंबईहून तुमच्यासाठी पाठवलेलं ड्रिल मशीन खोक्यात होतं. तुम्ही ते कधी उघडलं नव्हतंत. मी उघडलं. दोन्ही भोकं एकदम, सरळ, एका रेषेत पाडून टाकली. मग मेख ठोकली तर ती हलत होती. दुसरी ठोकली, तीही हलली. दांडा हाताने हलवला तर खडखडला. पाच वाजता तुमची गाडी येणार होती. मी डब्यातला एक स्क्रू घेतला आणि आवळला. शेवटच्या वळशाला आतून बारीक ‘कट’ असा आवाज आला. बाहेर काही दिसत नव्हतं. स्क्रूच्या डोक्यावर भुसा आणि लाख भरली, तेल चोळलं, ड्रिल खोक्यात ठेवलं.

तुम्ही आलात. मेख ठोकली म्हणून रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही सांध्यावरून अंगठा फिरवलात. तो कुठेच अडकला नाही. तुम्ही म्हणालात, "बरं झालंय."

दोन वर्षांत तेवढंच एकदा.

दुसऱ्या दिवशी उजवा दांडा बसवताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. भोकातून बघ, म्हणालात. मी पाहिलं. तिथेही केसभर फरक होता. "मुद्दाम चुकवलंय. मेख वाकडी शिरते आणि सांधा आत ओढून घेते. ओल आली, ऊन पडलं, तरी सुटत नाय. सरळ भोक कोण पण पाडील." मेख आत जाताना आवाज बदलत गेला. आधी भद्द, मग टणक. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काल डाव्याचा असाच आवाज आला ना, एवढंच विचारायचं असेल. किंवा काहीच नसेल. मी खाली बघून भुसा गोळा केला.

मी का नाही सांगितलं? भीती होती, हे खरं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते दोन शब्द. सांगितलं असतं तर ते तुम्ही परत घेतले असते.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी अंगणात बसलेली माणसं म्हणत होती, शेवटचं काम काय देखणं केलं म्हाताऱ्याने. महाडला पाळणा पाहून आलेला एकजण सांगत होता की सांधे हाताला लागतसुद्धा नाहीत. मी कोपऱ्यात बसले होते. मला नीट रडताही येत नव्हतं. कानात तो ‘कट’ वाजत होता.

बारसं बुधवारी होतं. वरवंटा पाळण्यात का घालतात, ते तुम्हीच सांगितलं होतंत. बायका वरवंट्याला न्हाऊ घालतात, टोपडं घालतात, बाळाआधी त्याला पाळण्यात निजवतात. बाळ दगडासारखं घट्ट व्हावं म्हणून, असं सगळ्या म्हणतात. तुम्ही म्हणालात, "खरी गोष्ट सांगू? ती सुताराची परीक्षा हाय." रिकामा पाळणा हलवत नाहीत, त्यामुळे बुधवारपर्यंत तो नुसता टांगलेला राहणार होता. पहिला झोका त्या दगडाचा. दगड पेलला जाईलही कदाचित. मग महिनाभराने, दोन महिन्यांनी, बाळ झोपलेलं असताना?

रविवारी मी बाबांना सांगितलं. ते खाणीवर गाडी चालवतात, फार बोलत नाहीत. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "माणूस आताच गेलाय. त्याच्या शेवटच्या कामात खोट निघाली हे गावभर करशील? एक स्क्रू तर हाय. आख्खं जग स्क्रूवर उभं हाय." मला त्यांचं पटलंही. तुमचं नाव खराब होणार होतं. माझं नव्हतं, कारण मला कुणी ओळखतच नाही. मी म्हटलं, बाबा, पण आवाज आला होता. सोमवारी सकाळी त्यांनीच मला महाडच्या एसटीत बसवून दिलं.

शैलाकाकी लाडू वळत होत्या. आत बाळ रडत होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"तात्यांना माहीत होतं?"

दोन्ही उत्तरं वाईट होती. मी म्हटलं, नाही, मी लपवलं.

"तात्यांना कळलं नाही? तात्यांना?"

तात्या, त्या क्षणी तुमची किंमत कमी झाली. मला ती दिसली, कमी होताना. मी एवढंच म्हणू शकले की मी फार चांगलं लपवलं होतं. त्या उठल्या, पाळण्यापाशी गेल्या, माझ्या हातात पेचकस दिला आणि समोर उभ्या राहिल्या. लाख खरवडली. स्क्रू अडकत अडकत बाहेर आला. श्रावणातली हवा, पंधरवडासुद्धा झाला नव्हता, पण तो तांबूस झाला होता. जीभ खाचेतून ओढली तर चीर जिभेपुरती नव्हती. ती दांड्यात बोटभर, दोन बोटं, थेट दातांच्या खुणांपर्यंत गेली होती.

काकींनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी बाजारातून लोखंडी पाळणा आणते, आणि हा गेला परत रस्त्यावर." मी वळले तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि बाळाच्या आईला यातलं काही सांगू नकोस. मी सांगेन, बाळ मोठं झाल्यावर."

मंगळवारी मी दांडा घेऊन तुमच्या दारात आले. विलासदादा केस उतरवून ओटीवर बसला होता. सुतक होतं, तेराव्यापर्यंत त्याचा हत्याराला हात लागणार नव्हता. मी भावकीतली नव्हे, म्हणून मला चालत होतं. त्याने शेडची किल्ली माझ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि आत न येता उंबरठ्यावर बसला.

मी चीर दाखवली. तिथे जोड देता येईल का, दात ठेवता येतील का, असं विचारत होते. त्याने दांडा हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला. "बाबा काय बोलले असते, माहिताय ना तुला?"

माहीत होतं. जुनी हाय म्हणून नाय ठेवायची. मी नवीन दांडा करायला घेतला.

तात्या, ते चार तास मी कधी विसरणार नाही. माळ्यावरच्या शिवणीच्या तुकड्यातून मी लांबी कापली, रंधा मारला, चुकले, दुसरा तुकडा घेतला. विलासदादा उंबरठ्यावरून सांगत होता. रंधा उलट्या रेषेवर चाललाय. पटाशी आडवी धर. अगो, मनगटातून नको, खांद्यातून. मुंबईला वीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत असलेला माणूस, पण त्याचे हात हवेत माझ्याबरोबर चालत होते. मध्येच म्हणाला, "तुझ्याशी बरं बोलायचे बाबा. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत इथेच बसायचो. एक शब्द नाय."

मी म्हटलं, मला तरी कुठे. एकदाच म्हणाले, बरं झालंय.

"एकदा तरी म्हणाले ना?"

त्याच्या आवाजाला धार होती. मला वाटलं, आता हेही लपवलं तर संपलं. मी सांगितलं की ते या सांध्याला म्हणाले. स्क्रूच्या सांध्याला. आणि भोकं तू पाठवलेल्या ड्रिलने पाडली.

त्याने कोपऱ्यातल्या त्या खोक्याकडे पाहिलं. मग हसायला लागला, सुतकातल्या माणसाने हसू नये तसा, तोंडावर पंचा धरून. "म्हणजे माझं मशीन वापरलं एकदा." हसता हसता त्याचे डोळे भरले आणि मी रंध्याकडे बघत राहिले.

खांबाचं भोक मी मोठं केलेलंच होतं, म्हणून मेख जाड हवी होती. चुलीवरच्या फळीवर तुम्ही खैराच्या काड्या सुकत ठेवायचात, त्यातली सगळ्यात जाड घेतली. मेख लाकडापेक्षा कोरडी हवी, म्हणजे नंतर फुगते. हे तुमचंच. खांब इथे नव्हता, म्हणून त्याच्या भोकाचं माप मी कागद दाबून त्यावर उमटवून आणलं होतं. ते जिभेवर ठेवून खूण केली.

"आता चुकव," विलासदादा म्हणाला.

"किती?"

"केसभर. जास्त चुकवलंस तर मेख मोडेल. कमी चुकवलंस तर ओढणार नाय."

गिरमिट टेकवलं. सगळी शाळा, सगळं कॉलेज बरोबर यायला शिकण्यात गेलं. चुकवायचं कसं, आणि किती, ते कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही शिकवलं होतंत, पण मी तेव्हा भुसा गोळा करत होते.

संध्याकाळी काकींच्या घरी दांडा बसवला. पहिल्या ठोक्याला भद्द. तिसऱ्याला भद्द. मला वाटलं, संपलं. पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. सांध्यातली फट माझ्या डोळ्यांसमोर मिटत गेली. काकींनी चिरलेला जुना दांडा माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

बुधवारी बायकांनी घर भरलं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेला आणि आत निजला. तेवढ्यात काकी स्वयंपाकघरातून पाटा घेऊन आल्या. दोन्ही हातांनी, वाकून. बायका म्हणाल्या, अगो हे काय नवीनच? काकी म्हणाल्या, आमच्यात असतं. आणि पाटाही आत ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि झोका दिला.

एक. दोन. साखळ्यांची कुरकुर. मी फक्त डावा कोपरा बघत होते. काकींनी अकरा झोके मोजले. मग दगड काढले आणि बाळाला ठेवलं.

नंतर ताटं वाढताना त्या माझ्याजवळ आल्या. नव्या दांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कोरा दिसतो. असू दे. हिला दात येऊ देत."

त्याला सहा-सात महिने आहेत. तोवर दर महिन्याला मी महाडला जाऊन ती मेख बघणार आहे, हे मी काकींना सांगितलंय. विलासदादाने तेराव्यानंतर शेडची किल्ली परत मागितली नाही. मीही दिलेली नाही.

स्क्रू माझ्या कंपासपेटीत आहे. आणि तुमचं ‘बरं झालंय’ मी परत करतेय, तात्या. ते माझं नव्हतं. नव्या मेखेचं डोकं खांबाच्या बाहेर किंचित राहिलंय, अंगठ्याला लागतं. मी ते घासलं नाही. कुणी हात फिरवला तर कळावं, इथे काहीतरी आहे.